संख्याशास्त्रासाठी कर्ज काढावं का?

प्रश्न : मुलीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचंय. कर्ज काढावं लागेल. परवडेल का?

उत्तर : ताई, मी औषधचाचण्यांचं विश्लेषण करते. चाचणीत किती रुग्ण घ्यायचे, हे आमच्या गणितावर ठरतं. त्यामुळे इथे या पदवीला खरी किंमत आहे. विमा आणि सर्वेक्षणातही तसंच. पण हिशेब नुसत्या फीचा करू नका. दोन वर्षांचा बुडणारा पगार आणि व्याजही धरा. कॉलेज सरासरी पगार सांगेल, तेव्हा मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा पगार, विचाराच. दोन-चार गलेलठ्ठ पगारांनी सरासरी फुगते, मध्यक सहसा हलत नाही. ‘आर’ आणि पायथॉन या विश्लेषणाच्या संगणकभाषा मोफत मिळतात. अभ्यासक्रमात प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची पद्धत), नमुना निवड आणि खऱ्या डेटावरचा प्रकल्प असेल, तर कर्ज जरूर काढा. हप्ता त्या मध्यकावर बेता.