वाचक विचारतात : गावच्या चर्चचा इतिहास

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या लहानशा चर्चच्या फेस्तानिमित्त (वार्षिक सणानिमित्त) पुस्तिका काढायची आहे. दर्शनी भिंतीवर साल कोरलेलं आहे. तेच स्थापनेचं साल धरावं का?

उत्तर : लगेच धरू नका. असं साल पुष्कळदा डागडुजीचं किंवा नव्या दर्शनी भागाचं असतं. घंटेवर ओतकामाचं साल असलं तरी घंटा दुसरीकडून आलेली असू शकते. खरा आधार बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्यांचा. फादरांची परवानगी घेऊन सर्वांत जुनी वही आधी पाहा. तुमच्या भागाचा गोव्याशी जुना संबंध असल्यानं मजकूर पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकतो, पण घाबरू नका. नोंदींचा साचा ठरलेला असतो: तारीख, बाळाचं नाव, आईवडील, गाव, धर्ममातापिता, पाद्रीची सही. दहाबारा नोंदी ताडून पाहिल्या की वाचता येतं. आडनावांबरोबर गावं टिपा. कोणती घराणी कुठून आली, हे त्यातून उलगडतं आणि पुस्तिकेचा जीव तोच आहे.

सिंधुदुर्ग धर्मप्रांत, म्हणजे इथल्या बिशपांच्या अखत्यारीतला भाग, २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्यामुळे आधीच्या पत्रव्यवहारासाठी पुण्यालाही विचारा.

वह्या पावसाळ्यात उघडू नका. दमट कागद एकमेकांना चिकटतो, ओढला की फाटतो. जुनी शाई कागद खाते, म्हणून फाटलेल्या जागी चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन मुळीच नको. हात कोरडे ठेवा, बोटाला थुंकी लावू नका, फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात पानोपान फोटो घ्या.