एकही सामना न हरलेला अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघ त्याच सीझननंतर बंद कसा काय पडला?

तुम्ही विचारताय तो संघ सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा, १९५१ सालचा. टोपणनाव डॉन्स. नऊ सामने, नऊ विजय. (इथे फुटबॉल म्हणजे तो अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन प्रकार.) बंद पडला तो पैशापायी, एवढं उत्तर खरं आहे. पण पैसा हाताशी येता येता का गेला, ते सांगायला हवं.

जेझुइट पाद्र्यांचं हे छोटं कॉलेज. शेजारी बर्कली आणि स्टॅनफर्ड, त्यामुळे गर्दी तिकडेच. फुटबॉल कायम तोट्यात. तो भरून काढायचा तर बाऊल गेम मिळायला हवा होता. तेव्हा राष्ट्रीय विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. सीझन संपला की ठिकठिकाणच्या समित्या आपापल्या पसंतीचे दोन संघ बोलवायच्या आणि गल्ल्यातला वाटा द्यायच्या. पॅसाडीनाचा रोझ बाऊल करारानं ठरावीक गटांनाच राखीव. आशा होती ती ऑरेंज, शुगर, गेटर यांच्याकडून, म्हणजे मायामी, न्यू ऑर्लिन्स, जॅक्सनव्हिल. तिन्ही शहरं दक्षिणेतली, वर्णभेद कायद्यातच असलेली.

आणि डॉन्समध्ये ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते.

मॅटसन म्हणजे काय चीज होती, ते न्यू यॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्ध दिसलं. समोरच्यांनी किकऑफ मारला (म्हणजे खेळ सुरू करायला लाथेनं लांब टोलवलेला चेंडू), यानं तो झेलला आणि अख्खं मैदान पार करून थेट टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण. त्याच सामन्यात हेच पुन्हा एकदा! सामना ३२-२६ असा सुटला, म्हणजे ती दोन टचडाउन नसती तर गेलाच होता. सीझनभरात चेंडू घेऊन तो १,५६६ यार्ड धावला, देशात सर्वाधिक. तरी हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या, मतदानात गडी नववा.

नोव्हेंबरमध्ये पॅसिफिक कॉलेजला ४७-१४ असं धुतल्यावर बाऊलच्या गोष्टी सुरू झाल्या. मग प्रशिक्षक जो कुहारिच यांच्यामार्फत निरोप आला: त्या दोघांना घरी ठेवून या. पोरं नाही म्हणाली. खेळाडूंच्या आठवणींप्रमाणे मतदान वगैरे काही झालंच नाही, विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. संघाला न बोलावण्याचं जाहीर कारण मात्र ‘प्रतिस्पर्धी दुबळे होते’ असं दिलं गेलं. त्यात थोडं तथ्य आहे बरं का. सॅन होजे स्टेटशी दोनदा गाठ, शिवाय नौदल आणि मरीन तळांचे संघ. पण ज्या संघातून जिनो मार्चेटी, बॉब सेंट क्लेअर आणि मॅटसन असे तिघे पुढे प्रो, म्हणजे व्यावसायिक, फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, त्याला कच्चा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

बाऊल गेला, वाटा गेला, आणि विद्यापीठानं फुटबॉलच बंद केला.

मॅटसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेला आणि ४०० मीटरमध्ये कांस्य, रिलेत रौप्य घेऊन आला. आपल्या खाशाबा जाधवांचं कांस्यही त्याच ऑलिंपिकमधलं. टोलरचा गुडघा मात्र त्याच वर्षी निकामी झाला, प्रो कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. मग तो शाळामास्तर झाला, पुढे मुख्याध्यापक, आणि १९६५ पासून एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला कृष्णवर्णीय पंच. डॉन्स संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पीट रोझेल १९६० मध्ये त्याच एनएफएलचा कमिशनर झाला होता. १९८० साली टोलरनं सुपर बाऊलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, पंचगिरी केली, तोवर तो मान कुठल्याही कृष्णवर्णीय पंचाला मिळाला नव्हता.

विद्यापीठानं त्या संघाला मानद पदव्या दिल्या, पण २००६ मध्ये. तोवर बरेच जण गेले होते.