तेरा निवडणुका, चार खासदार

प्रश्न : आमच्या वडिलांच्या तोंडी अजून ‘राजापूर मतदारसंघ’ असतो. मी मात्र पहिल्यापासून मत देते ते रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी. राजापूर गेलं कधी? आणि वडील म्हणतात तसा हा समाजवाद्यांचा बालेकिल्ला असेल, तर तो शिवसेनेकडे कसा गेला?
– एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : ताई, राजापूर गेलं २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत. २००९ ला पहिल्यांदा रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नावानं मतदान झालं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. दुसऱ्यासाठी मात्र जरा बसावं लागेल.

१९५७ ते २००४ या काळात राजापुरात लोकसभेच्या तेरा निवडणुका झाल्या आणि निवडून आली चारच माणसं. बॅ. नाथ पै तीनदा, प्रा. मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. यातले काँग्रेसचे फक्त सावंत, तेही १९९१ ला. महाराष्ट्रात एवढी वर्षं काँग्रेसला दाराबाहेर उभं ठेवणारे मतदारसंघ शोधून काढावे लागतील.

पण म्हणून तो समाजवादी बालेकिल्ला होता का? वडिलांचा मान राखून सांगतो, मला तसं वाटत नाही. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली. गिरणगावात राहणारा आमचा चाकरमानी त्या चळवळीत मुरलेला होता आणि गावचं घर चालायचं त्याच्या मनीऑर्डरीवर. मत कुणाला द्यायचं हेही अनेक घरांत मुंबईहूनच कळायचं. त्या वर्षी राजापुरानं प्रजा समाजवादी पक्षाच्या नाथ पैंना निवडलं आणि शेजारच्या रत्नागिरीनं कुणाला? आजच्या भाजपचा पूर्वावतार असलेल्या जनसंघाच्या प्रेमजीभाई आसर यांना! एकाच हवेत, एकाच जिल्ह्यात एकीकडे समाजवादी आणि दुसरीकडे जनसंघ. तेव्हा लोकांनी विचारसरणी बघून मत दिलं असं म्हणणं कठीण आहे. काँग्रेस नको, हे ठरलेलं होतं.

फरक पडला तो पुढच्या खेपेला. १९६२ ला रत्नागिरी काँग्रेसच्या शारदा मुखर्जींकडे गेली, राजापूर मात्र हललं नाही. याचं श्रेय एकट्या नाथ पैंना. वेंगुर्ल्यात जन्मलेला, विलायतेत बॅरिस्टर झालेला हा माणूस लोकसभेत बोलायला उभा राहिला की मंत्रीसुद्धा कान देत. मूलभूत हक्कांना संसद कात्री लावू शकत नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडेच हवा, असं खासगी विधेयक त्यांनी आणलं. त्यातलं कलम न् कलम आमच्या गावात कुणाला कळत होतं? माझ्या आजीला नक्कीच नाही. ती एवढंच म्हणायची, “आपलो माणूस थय उभो रवान बोलता मा, झाला तर.” माझ्या मते राजापूरच्या मतदाराची सगळी व्याख्या त्या वाक्यात आली.

नाथ पै गेले आणि आले दंडवते. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची, म्हणजे आमच्या हिशेबी घाटावरचा माणूस. तरी कोकणानं त्यांना पाच वेळा पाठवलं, आणि कसल्या कसल्या लाटांत! १९७१ ला राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसनं जिंकल्या, १९८४ ला ४८ पैकी ४३. दोन्ही वेळा राजापूर उरलेल्या मोजक्या जागांत होतं. आणीबाणीत ते तुरुंगात होते. सुटले, जिंकले आणि रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांची गादी आली ती त्यांच्यामुळे. आज स्लीपरमध्ये पाठ टेकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे. १९९० साली कोकण रेल्वेचं महामंडळ झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि तिजोरीच्या किल्ल्या अर्थमंत्री दंडवत्यांकडे होत्या. पुढच्याच वर्षी ते हरले! २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण झाला, तोवर मतदारसंघ गेला होता शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे.

आता शिवसेनेचं. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, गिरणीबरोबर युनियन गेली आणि चाकरमान्याच्या पोराला मुंबईत आधार उरला तो शाखेचा. पूर्वी संयुक्त महाराष्ट्र ज्या वाटेनं गावात आला, त्याच वाटेनं शाखा आली. गणपतीला, मे महिन्यात आलेली पोरं गावात भगवे फलक लावू लागली. म्हाताऱ्यांची मतं फिरली असं नव्हे, घरातला मत ठरवणारा बदलला. काँग्रेसविरोध तसाच राहिला, चिन्ह दुसरं आलं. म्हणून ‘समाजवादी कोकण शिवसेनेनं हिसकावलं’ हे मला पटत नाही. वारसा रिकामा पडला होता, तो तिनं उचलला.

खरा सांधा तुटला २००५ ला, नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले तेव्हा. २००९ ला त्यांचे चिरंजीव नीलेश यांनी प्रभूंना हरवलं. तेव्हापासून झालेल्या चारही निवडणुकांत उमेदवारांत एक राणे आहेतच. २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेच्या विनायक राऊतांनी नीलेश राण्यांना मोठ्या फरकानं पाडलं. २०२४ ला भाजपकडून स्वतः नारायण राणे उतरले आणि राऊतांवर ४७,८५८ मतांनी जिंकले. पूर्वी विचारायचे, काँग्रेस की काँग्रेसविरोध. हल्ली विचारतात, राणे की राणेविरोध. ही प्रगती म्हणायची की नाही, ते वडिलांना विचारा. ते माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतील असा संशय आहे.

प्रश्न : नाथ पै वारल्यावर पोटनिवडणूक झाली होती, असं आमच्या कट्ट्यावर एक जण छातीठोकपणे सांगतो. खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. ते गेले १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात. आदल्याच दिवशी तिथं सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले होते. पण त्याआधी डिसेंबर १९७० मध्येच लोकसभा विसर्जित झालेली होती. मार्चमध्ये देशभर मुदतपूर्व निवडणूक झाली, तीत दंडवते निवडून आले. पैज लावली असेल तर चहा वसूल करा.

प्रश्न : आम्ही जिल्हा रत्नागिरीचे, मग खासदार रायगडचा का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : त्याच पुनर्रचनेमुळे. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी मिळून नवा मतदारसंघ झाला. कलेक्टर कचेरीसाठी रत्नागिरी, खासदारासाठी रायगड, अशी तुमची पायपीट आहे खरी.