‘किफायतशीर उपचार’: किफायत नेमकी कोणाला?

प्रश्न असा आला आहे: सार्वजनिक आरोग्यावरच्या संशोधनाचे छोटे मराठी सारांश करायचे आहेत. ते आशा कार्यकर्त्यांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी वाचावेत अशी इच्छा आहे. त्यात ‘हेल्थ इक्विटी’ला ‘आरोग्य समानता’, ‘अ‍ॅक्सेस टू केअर’ला ‘सेवेची उपलब्धता’ आणि ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह ट्रीटमेंट’ला ‘किफायतशीर उपचार’ असे शब्द योजले आहेत. ते चालतील का? आणि रुग्णाला स्वतःच्या खिशातून करावा लागतो त्या खर्चाला एक सुटसुटीत शब्द आहे का?

तिन्ही शब्द रुळलेले आहेत, व्याकरणात कुठे चूक नाही, आणि तरीही तिन्ही बदलावेत असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवात शेवटच्या शब्दापासून करतो, कारण सर्वांत मोठा घोटाळा तिथे आहे.

‘किफायत’ मूळचा अरबी, अर्थ ‘पुरेसे असणे’. मराठीत तो आला आणि नफ्याच्या, फायद्याच्या अंगाने स्थिरावला. ‘फायदेशीर’, ‘कायदेशीर’, ‘पद्धतशीर’ यांच्या जोडीला ‘किफायतशीर’ बसला. आजही हा अर्थ पुरता जिवंत आहे. उसाच्या एफआरपीला आपण ‘रास्त आणि किफायतशीर दर’ म्हणतो, तेव्हा तो दर कमी असावा अशी कोणाची मागणी नसते. शेतकऱ्याचा उत्पादनखर्च निघून वर चार पैसे राहावेत, असा तो दर. म्हणजे इथे ‘किफायतशीर’ हा विकणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. दुसरीकडे ‘किफायतशीर दरात फ्लॅट’ अशी जाहिरात वाचली की आपण ‘स्वस्तात’ असा अर्थ घेतो. हिंदीतल्या ‘किफायती’चा हा परिणाम असावा. इथे शब्द घेणाऱ्याच्या बाजूला गेला. एकाच शब्दाला दोन तोंडे, आणि ती एकमेकांकडे पाठ करून उभी.

आता ‘किफायतशीर उपचार’ हे शब्द कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसासमोर ठेवा. दवाखान्याला नफा देणारा उपचार, असा अर्थ त्याने घेतला तर त्याची चूक काय? आणि ‘स्वस्त उपचार’ असा घेतला तरी मूळ संशोधनाला जे म्हणायचे आहे ते त्याच्यापर्यंत पोचलेले नसतेच. कारण ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ म्हणजे स्वस्त नव्हे.

हा फरक आकड्यांनीच दाखवावा लागतो आणि त्यासाठी आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले होते. त्यांनी बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचे, ते थंड पडू नये म्हणून गुंडाळायचे, दूध ओढत नसेल तर आईला मदत करायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविक द्यायचे. यासाठी बाळामागे ५.३ डॉलर खर्च आला. हा झाला ‘स्वस्त’पणा. पण स्वस्त तर गंडादोराही असतो. महत्त्वाचा आकडा पुढचा आहे: १९९७-९८ या वर्षात अशी काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, गर्भातला किंवा नवजात. पाच पूर्णांक तीनला अठराने गुणा. साधारण ९५ डॉलरला एक जीव. खर्च आणि परिणाम यांच्या या प्रमाणाला ‘कॉस्ट-इफेक्टिव्हनेस’ म्हणतात. नुसता खर्च सांगून तो कळत नाही, नुसता परिणाम सांगूनही कळत नाही.

उलट टोकाचेही उदाहरण घेऊ. हिपॅटायटिस सी वरचे सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा १२ आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. एवढी किंमत धरूनही बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ आहे असे तिथल्या अनेक अभ्यासांनी दाखवले, कारण रोग मुळातून बरा होतो आणि पुढचा यकृताचा कर्करोग, यकृताचे प्रत्यारोपण हे सगळे टळते. तरीही तिथल्या अनेक राज्यांच्या सरकारी विमायोजनांनी सुरुवातीला ते यकृत बरेच खराब झालेल्यांनाच देऊ केले. उपचार खर्चाच्या मानाने योग्य होता, पण तिजोरीला परवडत नव्हता. (पुढे भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने मिळाले आणि आपल्याकडे ते त्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात मिळू लागले.) ‘किफायतशीर’ हा शब्द वापरला तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही. ‘उपचार किफायतशीर होता, पण परवडत नव्हता’ हे कोणाही मराठी माणसाला परस्परविरोधी वाटेल.

मग शब्द कोणता? शासकीय परिभाषेत ‘कॉस्ट’ला ‘परिव्यय’ आहे. हिशेबनिसांना तो लखलाभ, पण आशाताईंच्या हातातल्या कागदावर तो नको. ‘खर्च-परिणामकारक’ हा शब्द अहवालांत दिसतो. तो अचूक आहे, तक्त्याच्या मथळ्याला जरूर वापरावा. पण चालत्या वाक्यासाठी मराठीत त्याहून सरस शब्द तयार आहे: गुण. औषधाला गुण येतो, डॉक्टरांच्या हाताला गुण असतो, ‘चार दिवस गोळ्या घेतल्या पण गुण नाही’ असे आपण सहज बोलतो. म्हणून ‘खर्चाच्या मानाने गुण देणारा उपचार’. शब्द चार जास्त झाले, पण खर्च आणि गुण दोन्ही समोर आले, आणि ‘च्या मानाने’ने त्यांचे नाते सांगितले. याच्या उलट जे असते त्याला आपल्याकडे म्हणच आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ज्यांना वाटते की असे शब्द सामान्यांत रुजत नाहीत, त्यांनी ‘जलसंजीवनी’ आठवावी. मीठ-साखरेच्या त्या पाण्याला इंग्रजीत ‘ओआरएस’ असे कोरडेठाक नाव आहे. मराठीत शाळेच्या पुस्तकापासून अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत ‘जलसंजीवनी’ पोचली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, ते लावायला शिकलेली माणसेही पुरत नव्हती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. खर्चाच्या मानाने गुण म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि आपल्या भाषेने त्या गुणाला साजेसे नाव दिले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता ‘आरोग्य समानता’. ‘समानता’ हा शब्द संविधानाच्या मराठी उद्देशिकेत आहे, ‘दर्जाची व संधीची समानता’. तिथे तो अगदी योग्य आहे. पण ‘इक्विटी’ म्हणजे सगळ्यांना सारखे वाटणे नव्हे. ज्याची गरज जास्त, अडचण जास्त, त्याच्याकडे जास्त जाणे. आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या निकषांतच हा विचार आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० मागे, डोंगरात २०,००० मागे. आकडे समान नाहीत, कारण वस्त्या विखुरलेल्या आणि वाटा अवघड. हे असमान आकडे न्याय्य आहेत आणि तेच ‘इक्विटी’चे मर्म आहे. ‘समानता’ लिहिलेत तर वाचणारा विचारेल, मग हा दुजाभाव का?

इथेही शब्द बाहेरून आणायची गरज नाही. जायकवाडीसाठी नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा वाद पेटला की रोजच्या पेपरात ‘समन्यायी पाणीवाटप’ येते. नदीच्या वरच्या अंगाला बसलेल्याने आधी भरून घ्यायचे आणि खालच्याने वाट बघायची, हे चालणार नाही, एवढे त्या एका विशेषणात खेड्यापाड्यातल्या वाचकाला कळते. तोच शब्द आरोग्याला लावा: समन्यायी आरोग्यसेवा. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडले होते की चांगली वैद्यकीय सेवा ही गरजेच्या व्यस्त प्रमाणात मिळते, म्हणजे जिथे आजार जास्त तिथे सेवा कमी. पाण्याचेही असेच होते, म्हणून हा शब्द नुसता सोयीचा नाही, आशयानेही जवळचा आहे.

‘आरोग्य समता’ चालेल का, असेही कोणी विचारेल. चालेल, आणि मला तो शब्द प्रियही आहे. डॉ. आंबेडकरांच्या काळात १९२८ मध्ये ‘समता’ नावाचे पाक्षिकच निघत होते, एवढा या शब्दामागे इतिहास आहे. ध्येय सांगायचे असेल तिथे ‘समता’ लिहावे आणि वाटपाची रीत सांगायची असेल तिथे ‘समन्यायी’. ‘इक्विटी’ला ‘समभाग’ मात्र नको, तो शेअर बाजाराचा.

याच ओघात ‘तफावत’ आणि ‘विषमता’ वेगळे ठेवा. ब्रिटिश आरोग्य-संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास हा फरक नेमका केला: जो फरक टाळता येण्याजोगा आहे आणि अन्यायाचा आहे, तेवढ्यालाच ‘इनइक्विटी’ म्हणायचे. विदर्भात हे सिकलसेल या रक्ताच्या आजारावरून समजावता येते. एका घरात सिकलसेल असणे आणि दुसऱ्यात नसणे ही तफावत. ती अनुवंशाने आली. पण हायड्रॉक्सियुरियासारखे जुने, साधे औषध असताना तालुक्याच्या गावाला ते मिळते आणि जंगलातल्या पाड्यावरच्या पोराला मिळत नाही, ही विषमता.

‘उपलब्धता’ हा देणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. इमारत आहे, डॉक्टरांची नेमणूक आहे, औषधे कपाटात आहेत, म्हणजे सेवा ‘उपलब्ध’ झाली. रुग्ण तिथे पोचला का, हे त्या शब्दाला माहीत नसते. पावसाळ्यात रस्ता तुटल्यावर बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला आणावे लागते, तेव्हाही सेवा कागदावर उपलब्धच असते. ‘सुगम्यता’ अपंगांच्या सोयींसाठी रूढ होत आहे, तो तिथेच राहू द्यावा. मी ‘अ‍ॅक्सेस’चे नाम करतच नाही, क्रियापद करतो: दवाखाना गाठता येणे, उपचार मिळणे. किंवा ‘आवाक्यात’ म्हणतो. आवाक्यात अंतर येते, पैसाही येतो. एक गोष्ट मात्र त्यातही येत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरे जाते, हे कोणाला सांगायचे? लाज, पुरुष डॉक्टर, घरातल्यांची परवानगी, ही अंतरे किलोमीटरमध्ये मोजता येत नाहीत. अशा ठिकाणी एका शब्दावर भागवू नका, ‘दवाखाना जवळ असूनही सांगता न आल्याने’ असे पूर्ण वाक्य लिहा.

सगळे एकत्र केल्यावर वाक्य साधारण असे होईल: ‘खर्चाच्या मानाने चांगला गुण देणारे उपचार दूरच्या आणि गरीब वस्त्यांच्या आवाक्यात यावेत, म्हणजे आरोग्यसेवेचे वाटप समन्यायी होईल, यासाठी हे संशोधन आहे.’ आणि त्यात जिथे ‘लाभार्थी’ लिहिले असेल तिथे ‘रुग्ण’ किंवा ‘माता’ लिहा. उपचार हा हक्क आहे असे संशोधन म्हणते आणि ‘लाभार्थी’ तो मेहेरबानी करून टाकतो.

राहिला खिशातला खर्च. बरेच जण ‘पदरमोड’ सुचवतील. शब्द सुंदर आहे, पण त्यात स्वेच्छा आहे. माणूस पदरमोड करून वाचनालय चालवतो, शाळेला फळा घेऊन देतो. आजाराचा खर्च कोणी हौसेने करत नाही. म्हणून ‘पदरचा खर्च’ म्हणावे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या पदरच्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा तुमच्या सारांशात येणार असेल तर एक काळजी घ्या. दवाखान्याच्या खेपेपायी रोज बुडतो, सोबत आलेल्याचाही बुडतो, तो या आकड्यात धरलेला नाही. ‘पदरचा खर्च’ एवढेच लिहिले तर वाचणारी बाई बुडालेली मजुरीही त्यात मोजील, कारण तिच्या हिशेबात ती पदरचीच असते. तेव्हा तक्त्यात ‘पदरचा खर्च’ आणि ‘बुडालेली मजुरी’ असे दोन वेगळे रकाने करा, आणि दुसऱ्याचा आकडा अभ्यासात नसेल तर तो रकाना रिकामा ठेवून तसे खाली लिहा.