पावडरचा डबा राहू दे, आधी हे बघ

भावा, तालमीत आल्या आल्या स्नायू वाढवायला प्रथिनाची पावडर कोणती घेऊ विचारलंस म्हणून लिहितोय. आधी स्नायूच्या आत काय चालतं ते समजून घे.

वजन उचललंस की तो ताण पेशीला कळतो आणि एमटॉर नावाचं प्रथिन चेततं. नवं प्रथिन बांधायचा हुकूम तिथून सुटतो. जेवणातलं ल्युसीन हे अमिनो आम्लही त्यालाच चेतवतं. हे काम व्यायामानंतर २४ तास तरी चालू राहतं, त्यामुळे व्यायाम संपताच पावडरचा शेक प्यायची धावपळ फुकटची. दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिन पुरे. आपली शेंगाचटणी झकास, पण शेंगदाण्यात प्रथिनाच्या जवळपास दुप्पट तेल. तिच्यावर भिस्त नको. कडक भाकरीबरोबर डाळ, दही, अंडी वाढव.

वडिलांना शुगर आहे म्हणालास ना? मग खरी गंमत पुढं आहे. स्नायू आकुंचन पावताना ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात, तेही इन्सुलिनची वाट न बघता. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसलं तरी हा रस्ता बऱ्यापैकी उघडा असतो. जेवण झालं की दोघं सिद्धेश्वर तलावाकडं चक्कर मारा. मात्र ते गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर डॉक्टरांना आधी विचार, साखर फार खाली जाऊ शकते.

पळून पेशीतली ऊर्जा घटली की एएमपीके नावाचं दुसरं प्रथिन चालू होतं आणि एमटॉरला आवरतं. त्यावरून ‘पळलास की स्नायू जळतो’ असं तालमीत कुणीतरी सांगेलच. नवख्यानं मनावर घेऊ नये. आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत व्यायाम उरकत जा.