अनुदान, मानधन की बिदागी? कलावंताच्या पैशाला कोणता शब्द?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका नाट्यमंडळाच्या सचिवांचा प्रश्न आहे. मंडईतल्या (म्हणजे दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेतल्या) दंडारीसाठी, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यासाठी, मंडळाला सरकारी अनुदान मिळाले. हिशेबात त्यांनी "कलावंतांना अनुदान वाटप" असे लिहिले, तर कागद परत आला. "मानधन लिहा" असे सांगण्यात आले. गावातले जुने लोक मात्र याच पैशाला बिदागी म्हणतात. मग तिन्ही शब्दांत फरक काय? आणि अनुदानात "दान" आहे, तर त्याचा हिशेब का मागतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण सगळी गाठ तिथेच आहे.

दान देताना हातावरून पाणी सोडतात. त्यावरूनच "उदक सोडणे" म्हणजे हक्क सोडणे असा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. उदक सुटले की देणाऱ्याचा त्या वस्तूशी संबंध संपतो. अनुदानावर कोणी उदक सोडलेले नसते. त्यातला "अनु" हा उपसर्ग अनुरूप, अनुसार, अनुक्रम या शब्दांतलाच आहे: मागोमाग जाणारा, कशाला तरी धरून असणारा. अनुदान हे प्रयोजनाला धरून दिलेले असते आणि ते प्रयोजन पुरे होईपर्यंत पैशावरची देणाऱ्याची नजर हटत नाही.

"प्रयोजन" हा शब्द इथे सहज आलेला नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत नाटके व नाट्यप्रयोग हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहे. म्हणून महाराष्ट्रात ते काम राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय पाहते. पण मग दिल्लीचा पैसा दंडारीपर्यंत कसा येतो? अनुच्छेद २८२ मुळे. विषय आपल्या कायदे करण्याच्या कक्षेतला नसला तरी सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची मुभा तो अनुच्छेद देतो. केंद्राचा पैसा मुख्यतः स्वायत्त संस्थांमार्फत फिरतो: १९५३ च्या जानेवारीत उद्घाटन झालेली संगीत नाटक अकादमी, किंवा देशातल्या सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांपैकी आपल्याला जवळचे, नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र.

केंद्राच्या अनुदानाला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागतात. त्यांतल्या चार गोष्टी पाहिल्या की हे दान का नव्हे ते आपोआप कळते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते (कचेरीत सगळे त्याला "यूसी" म्हणतात). पैसा बँकेत पडून राहून व्याज मिळाले, तर ते व्याजही सरकारचे. अनुदानातून घेतलेले पडदे, पेटी, ध्वनिक्षेपक परवानगीवाचून विकता येत नाहीत. आणि मिळालेले अनुदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

तुमचा कागद या चौथ्या अटीवर अडला असणार. "कलावंतांना अनुदान वाटप" असे लिहिले की तपासणाऱ्याच्या डोळ्यांना ते अनुदान वळवल्यासारखे दिसते. मंडळाने केले काय? दंडार करवून घेतली आणि करणाऱ्यांना पैसे दिले. तो मंडळाचा खर्च झाला. अनुदान मंडळापाशी येऊन थांबते. त्याच्या पुढे जो पैसा जातो त्याला दुसरे नाव लागते.

ते नाव मानधन. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. संस्कृतात "मानधन" हे पैशाचे नाव नाही, माणसाचे विशेषण आहे. मान हेच ज्याचे धन तो मानधन, म्हणजे बहुव्रीही समास. भारवीच्या किरातार्जुनीयात, पहिल्याच सर्गात, वनेचर, म्हणजे वनवासी हेर, युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराची बातमी सांगतो. दुर्योधनाच्या योद्ध्यांविषयी तो लागोपाठ दोन विशेषणे वापरतो: "मानधना धनार्चिताः". मान हेच ज्यांचे धन आहे असे, आणि धन देऊन ज्यांचा सत्कार केला आहे असे. मराठीने पहिला शब्द उचलला आणि त्यात दुसऱ्याचा अर्थ भरला! आपले मानधन म्हणजे मान म्हणून दिलेले धन. समास बदलला, तत्पुरुष झाला, आणि विशेषणाचे नपुंसकलिंगी नाम झाले.

त्यामुळे मराठीत मानधन म्हटले की दोन गोष्टी गृहीत असतात. घेणारा देणाऱ्याचा नोकर नाही, आणि रक्कम कामाच्या किमतीइतकी असेलच असे नाही. कलावंताला हा शब्द शोभतो. पण हाच शब्द अंगणवाडी सेविका आणि गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशा सेविका यांच्या महिन्याच्या पैशालाही लावला जातो. रोजचे, नेमून दिलेले काम असताना वेतन न म्हणता मानधन म्हणणे हा शब्दावर आणि त्या बायांवरही अन्याय आहे. अंगणवाडी सेविकांच्या उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली या पैशाला त्या कायद्यापुरते वेतनच मानले.

राज्यात ज्येष्ठ कलावंतांसाठी जी योजना आहे तिच्या नावातही मानधनच आहे: राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. पूर्वी तिच्यात अ, ब, क असे वर्ग होते आणि महिन्याला अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. २०२४ पासून सरसकट ५,००० झाले. अर्जदाराचे वय साधारणपणे पन्नासच्या वर आणि कलेची सेवा किमान पंधरा वर्षांची लागते. गावात मात्र "त्याले कलावंताची पेन्शन लागली" असेच म्हणतात. बोलण्यात चालेल, अर्जात नको. पेन्शन, म्हणजे निवृत्तिवेतन, नोकरीच्या पोटी मिळते, आणि शाहिराची कोणाकडे नोकरी नव्हती.

आता बिदागी. हिचे मूळ निरोप घेण्याच्या अरबी शब्दात आहे. "बिदा" म्हणजे निरोप, आणि बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवलेले. कार्यक्रम झाला, शाहीर निघाला, तेव्हा द्यायची ती बिदागी. आधी ठरवलेली रक्कमही पुढे याच नावाने ओळखली जाऊ लागली, पण देण्याची वेळ शब्दात राहिली आहे. खेळ रंगात असताना प्रेक्षक देतो ती दौलतजादा ("दौलत ज्यादा होवो" या दुव्यातून आलेला शब्द) किंवा नुसते बक्षीस. कार्यक्रम ठरवताना विसार म्हणून देतात ती सुपारी. एकाच रात्रीच्या पैशाला आधी, मधे आणि नंतर वेगवेगळी नावे आहेत. ज्या समाजाने शतकानुशतके स्वतःच्या खिशातून कलावंत पोसले, त्याच्याच भाषेत एवढा बारकावा असू शकतो.

झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याची, रंगभूमी अजूनही त्याच खिशावर चालते, हे इथे सांगायलाच हवे. धान निघाले की रिकाम्या बांधीत (धानाच्या शेतात) मंडप पडतो, तिकीट लागते, आणि वडसा इथल्या मंडळ्या गावोगाव नाटके घेऊन जातात. तिथे नटाला मिळतो तो सरळ मोबदला. "मोबदला" म्हणजे मूळ अर्थाने अदलाबदल: काम दिले, पैसे घेतले. वस्तू व सेवा कराच्या सवलतीतही हाच हिशेब धरलेला आहे. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताचा कार्यक्रमाचा मोबदला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर नाही. २०२३ साली झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानासोबत रक्कम नसते, तो नुसता मान. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारात ताम्रपत्र आणि अंगवस्त्राबरोबर एक लाख रुपये असतात, पण तिथेही त्याला मानधन म्हणत नाहीत, पुरस्काराची रक्कम म्हणतात.

अर्थसहाय्य हा शब्दही अर्जांत दिसतो. शासकीय परिभाषेत तो सबसिडीसाठी आहे, म्हणजे खर्चाचा एक वाटा सरकारने उचलणे. योजनेच्या कागदात जो शब्द असेल तोच अर्जात ठेवावा, आपल्या मनाने बदलू नये. एका शब्दाने काय होते ते "कायम विनाअनुदानित" शाळांच्या शिक्षकांना विचारा. २००९ मध्ये त्यातला "कायम" वगळला गेला, तेव्हा कुठे त्या शाळांना अनुदानाची वाट मोकळी झाली.

तुमच्या कागदापुरते सांगायचे तर जमेच्या बाजूला "अनुदान" लिहा आणि खर्चाच्या बाजूला "मानधन". ठरावात "बिदागी" आली तरी भाषेची चूक नाही, पण पावतीवर मानधनच ठेवा, म्हणजे ठराव, पावती आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांत एकच शब्द राहील. पैसे पथकप्रमुखाच्या हाती एकत्र दिले असतील तर "पथकाचे मानधन" लिहून सगळ्यांच्या नावांची यादी जोडा. नाहीतर एका माणसाला एवढी रक्कम कशी, हा पुढचा प्रश्न येतोच. पावतीचा मजकूर असा पुरतो: "मंडईनिमित्त दिनांक अमुक रोजी सादर केलेल्या दंडारीचे मानधन रुपये अमुक, अक्षरी रुपये अमुक फक्त, मिळाले." रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून सही त्यावर आडवी घ्या. सही येत नसेल तर अंगठ्याशेजारी "निशाणी डावा अंगठा" लिहून कलावंताचे पूर्ण नाव घाला आणि खाली साक्षीदाराची सही घ्या.