छाती-पाठीवरच्या खाजऱ्या पुटकुळ्यांमागचं यीस्ट

तुम्ही लिहिलंय की छाती-पाठीवर बारीक, एकसारख्या, खूप खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या, मुरुम समजून दिलेल्या अँटिबायोटिकने त्या उलट वाढल्या आणि आता केशकूपात (केसाचं मूळ असतं त्या त्वचेतल्या बारीक पिशवीत) यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, असल्याचं निदान झालंय. हे यीस्ट कोणतं आणि ते लागलं कुठून, असा तुमचा प्रश्न आहे.

मी प्रयोगशाळेत त्वचेचे नमुने तपासते. हे यीस्ट म्हणजे मालासेझिया. या आजारात मुख्यतः त्याच्या ग्लोबोसा, रेस्ट्रिक्टा आणि सिम्पोडिअ‍ॅलिस या प्रजाती सापडतात, कधी फरफरही. आणि ते कुणाकडून लागलेलं नाही, तुमच्या अंगावर आधीपासून होतंच. वयात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर ते असतं. त्यामुळे घरच्यांपासून टॉवेल वेगळा ठेवून मनाला लावून घेऊ नका.

त्याला स्वतःची स्निग्धाम्लं (तेल-चरबीतली आम्लं) बनवता येत नाहीत. ग्लोबोसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा आराखडा, 2007 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यासाठी लागणारं जनुकच त्यात नाही हे दिसलं. म्हणून ते आपल्या तेलग्रंथींच्या तेलावर जगतं. छाती, पाठ, खांदे, कपाळ इथेच पुटकुळ्या का येतात, ते यातून कळतं. यीस्ट तेलाचं विघटन करतं, सुटलेली आम्लं केशकूपाच्या आतल्या त्वचेला झोंबतात, सूज येते, खाज सुटते.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला काही करत नाही. शेजारचे जिवाणू कमी झाले की यीस्टला रान मोकळं. त्यामुळे औषधाने पुरळ वाढलं हाच तुमच्या बाबतीत मोठा पुरावा आहे, आणि तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. स्टेरॉईडनेही असंच होतं. खाज थांबते म्हणून स्टेरॉईड मिसळलेलं मलम मनाने लावत राहणं मला सगळ्यात घातक वाटतं.

तपासणीत पुटकुळीतला ऐवज काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतो. सूक्ष्मदर्शकाखाली गोल-लंबगोल पेशी दिसतात आणि एकेकीच्या एकाच टोकाला रुंद बुडाची कळी फुटलेली असते. चार-दोन पेशी कुणाच्याही त्वचेत दिसतील. केशकूपातल्या ऐवजात त्यांची गर्दी असेल तर अर्थ आहे. कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर मात्र फार विसंबू नका. जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर (त्यांच्या खाद्यावर) या प्रजाती वाढतच नाहीत, तेल घातलेलं माध्यम लागतं. त्यामुळे ‘वाढ नाही’ लिहून आलं तरी यीस्ट नाही असं होत नाही.

संसर्ग केशकूपात खोलवर असल्याने बहुतेकदा इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधांच्या गोळ्या देतात, सोबत किटोकोनॅझोलचा शाम्पू अंगाला लावायला सांगतात. या गोळ्यांचं इतर बऱ्याच औषधांशी पटत नाही आणि यकृताचाही विचार करावा लागतो, तेव्हा जे काही घेत असाल ते सगळं डॉक्टरांना सांगा. अंगाला तेल चोळणं थांबवा, घामाचे कपडे लगेच बदला. पुरळ पुन्हा उठणं या आजारात नेहमीचं आहे, त्यामुळे बरं वाटल्यावर शाम्पू अधूनमधून चालू ठेवायचा का, ते आधीच विचारून घ्या.

आणि काळी-पांढरी टोकंही दिसत असतील, तर सोबत खरे मुरुमही असू शकतात. मग दोन्हींवर वेगवेगळे उपचार लागतील.